गुंठा : शेतसाऱ्याचं माप आपल्या घराचं माप कसं झालं?

दोन दिवस सलग पाऊस झाला की सांगलीच्या शामरावनगरचे फोटो मोबाईलवर फिरायला लागतात. दारात पाणी, चिखलात रुतलेली दुचाकी, दप्तर डोक्यावर घेऊन चाललेली पोरं. फोटोखालच्या प्रतिक्रियाही ठरलेल्या असतात. 'गुंठेवारीत घर घेतलंच कशाला?', 'बेकायदा बांधायचं आणि वर गटार मागायचं!'

दरवर्षी हे वाचतो. लिहिणारी माणसं वाईट नसतात, त्यांना खरंच तसं वाटतं. म्हणून यावेळी थोडं मागं जाऊन बघू, की ही गुंठेवारी आली कुठून. प्लॉट पाडणारे एजंट त्यात आहेतच, पण त्यांच्याइतकाच कायद्यांचाही हात आहे. चार-पाच कायदे, प्रत्येक चांगल्या हेतूनं केलेला, आणि त्यातला एकही गरिबाच्या घरासाठी केलेला नाही. पोस्ट मोठी आहे, निवांत वाचा.

*आधी गुंठा म्हणजे काय ते बघू*

१८३० च्या दशकात कंपनी सरकारनं दख्खनची जमीन मोजायला घेतली. गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन अधिकारी होते आणि सुरुवात झाली इंदापूर तालुक्यातनं. मोजणीला ३३ फुटांची साखळी, साखळीचे भाग १६, त्यांना म्हणायचं आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. आजही जुना भूकरमापक 'अमुक गुंठे, तमुक आणे' असं बोलतो, ते तिथनं आलंय.

ही मोजणी शेतसाऱ्यासाठी होती. कुणाच्या ताब्यात किती जमीन, तिचा कस काय, सरकारला आकार किती द्यायचा, एवढंच बघायचं होतं. माणसं राहतात ती जागा बाजूला काढली, ते गावठाण. तिला शेतसारा नाही. रेषेच्या आत घरं, रेषेच्या बाहेर शेत.

मग १८७९ साली मुंबई जमीन महसूल कायदा आला. त्याच्या कलम ६५ नं सांगितलं, शेतजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर कलेक्टरची परवानगी घ्या. आपण ज्याला एनए म्हणतो त्या बिनशेतीचं हे मूळ. यामागं नगररचना वगैरे काही नव्हती. शेतात वखार उभी राहिली तर सरकारला जादा आकार मिळायला पाहिजे, असा तो सरळ महसुली हिशोब. स्वातंत्र्यानंतर १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचा कायदा झाला, तेव्हा हीच तरतूद कलम ४४ होऊन आत आली.

थोडक्यात, माणसानं कुठं राहायचं याची आपल्याकडची पहिली रेषा सारा गोळा करणाऱ्यांनी आखली. गावठाणात माणसं वाढली, रेषा तिथंच राहिली.

*घरांच्या आधी आराखडा, हे आपल्याला जमत होतं*

असं कुणी समजू नये, की आपल्या भागाला नियोजन माहीतच नव्हतं.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढं पुण्यात काय झालं, रँडचं काय झालं, ते शाळेत शिकलोय. पण त्याच प्लेगमुळं १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, हे शाळेत फारसं येत नाही. दाट वस्ती फोडून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले ते ट्रस्टनं. दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथल्या मोकळ्या जमिनी घेऊन आधी रस्ते आखले, मग प्लॉट दिले, तेही ट्रस्टनं. दादरची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आजही नीट दिसते, कारण तिथं रस्ता घराच्या आधी आला. ट्रस्टचा दोषही सांगायला पाहिजे. गरिबांच्या जितक्या खोल्या त्यांनी पाडल्या, तितक्या सुरुवातीच्या वर्षांत बांधल्या नाहीत. पाडणं लवकर होतं, बांधणं मागं राहतं, ही गोष्ट तेव्हापासनंच आहे.

१९१५ साली मुंबई प्रांतानं नगररचना कायदा केला. देशातला हा पहिला. त्यातली युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. समजा गावाशेजारी वीस शेतकऱ्यांची वेडीवाकडी शेतं आहेत. सरकारनं ती विकत घ्यायची नाहीत. सगळ्यांची जमीन कागदावर एकत्र करायची, तिच्यात रस्ते, बाग, शाळा यांची जागा काढायची आणि उरलेली जमीन प्रत्येकाला त्याच्या हिश्शानं, चौकोनी प्लॉट करून परत द्यायची. जमीन कमी होते, पण तिला रस्ता लागतो, भाव वाढतो. वाढलेल्या भावातला काही वाटा मालकानं सोयींसाठी द्यायचा. कुणाची पूर्ण जमीन जात नाही आणि कुणी फुकट सुटत नाही.

विलेपार्ले, सांताक्रूझ, बोरिवलीकडच्या पत्त्यांत 'टीपीएस' लिहिलेलं दिसतं, पुण्यात शिवाजीनगरच्या पत्त्यात 'एफपी नंबर' असतो. म्हणजे टाऊन प्लॅनिंग स्कीम आणि फायनल प्लॉट. त्या पत्त्यांवर राहणाऱ्यांच्या आजोबा-पणजोबांच्या काळात कुणीतरी हा खटाटोप करून ठेवलाय.

आणि लांब कशाला जायचं? सांगलीपासून दहा-बारा किलोमीटरवर जयसिंगपूर आहे. राजर्षी शाहू महाराजांनी वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं १९१७ च्या सुमाराला वसवलेलं व्यापारी गाव. सरळ रस्ते, काटकोनात गल्ल्या, गल्ल्यांना नंबर. बाहेरगावचा माणूससुद्धा 'अमुक नंबरची गल्ली' एवढ्यावर घर शोधून काढतो. संस्थानात, शंभर वर्षांपूर्वी, मोकळ्या रानावर आधी रेघा मारल्या आणि मग लोकांना बोलावलं. नंतरच्या काळात मोठमोठ्या महापालिकांना हे का जमू नये?

*तुकडेबंदी : शेती वाचवायला गेले आणि…*

१९४७ साली तुकडेबंदी आणि तुकडेजोड कायदा झाला. कारण रास्त होतं. बापाची पाच एकर, पाच भावांत एक-एक, त्यांच्या पोरांत दहा-दहा गुंठे. असल्या पट्ट्यात बैल वळत नाहीत. म्हणून सरकारनं जिरायत, बागायत वगैरे जमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र ठरवलं आणि त्याच्याहून लहान तुकडा विकायला बंदी घातली. विकायचाच तर शेजारच्या शेतकऱ्याला विका, म्हणजे तुकडा मोठ्यात जाईल.

शेतीच्या दृष्टीनं बरोबर. पण शहराच्या कडेला शेत कुणाला पाहिजे होतं? तिथं गिरणीतला कामगार, एसटीतला कंडक्टर, हमाल, शिपाई जागा शोधत होता. त्याला दोन गुंठे पाहिजेत, आणि दोन गुंठे विकणं म्हणजे कायद्यानं तुकडा. कायदेशीर वाट एकच : मालकानं आधी बिनशेती करायची, लेआउट मंजूर करून घ्यायचा, रस्ते आणि खुली जागा सोडायची, मग प्लॉट विकायचे. ही वाट लांब, खर्चाची, दहा टेबलांची. त्या वाटेनं तयार झालेला प्लॉट हमालाच्या हातात मावणारा नव्हता.

सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात 'तुकडा' किंवा 'तुकडेबंदी विरुद्ध व्यवहार' असा शेरा तुमच्यापैकी कितीतरी जणांनी बघितला असेल. शेती वाचवायला लिहिलेला शब्द तो, आणि आज तो बसलाय स्लॅबच्या घरावर.

*१९६० : एकच कायदा, दोन राज्यं*

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

१९५४ साली मुंबई राज्यानं नवा नगररचना कायदा केला, तो १९५७ पासनं लागू झाला. आता गावांना, शहरांना पूर्ण हद्दीचा विकास आराखडा करायचा होता, आणि जुनी टीपी स्कीमही कायद्यात होतीच. आराखडा म्हणजे वरवरचं चित्र, इथं शाळा, इथं बाग, इथनं रस्ता. आणि ते चित्र जमिनीवर उतरवायचं हत्यार म्हणजे टीपी स्कीम.

१ मे १९६० ला राज्याचे दोन भाग झाले. कायदा दोघांच्या वाट्याला सारखाच आला. गुजरातनं टीपी स्कीम सोडली नाही. १९७६ ला त्यांनी स्वतःचा कायदा केला, त्यातही ती मध्यभागी ठेवली. अहमदाबादचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड झाला, तेव्हा त्यासाठीची बरीच जमीन अशा स्कीमांतनं मिळवली.

आपण १९६६ ला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा आणला, तोच एमआरटीपी. टीपी स्कीमचं पूर्ण प्रकरण त्यात आहे, अजूनही आहे. पण भर पडला विकास आराखड्यावर, म्हणजे चित्रावर. आराखडा वीस वर्षांचा. त्यात शेतकऱ्याच्या जमिनीवर 'आरक्षण क्रमांक अमुक, बगीचा' असं लिहायचं आणि ती जमीन पुढं पैसे देऊन ताब्यात घ्यायची. पैसे कुठनं आणायचे? नगरपालिकेकडं पगाराला पुरत नाही.

मग जे व्हायचं तेच झालं. कलम १२७ म्हणतं, दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालकानं नोटीस द्यावी, मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द. ज्याच्याकडं वकील होता त्यानं नोटीस दिली आणि जमीन सोडवली. ज्याच्याकडं नव्हता त्याचं शेत नकाशावर हिरवं, सातबाऱ्यावर त्याचं, आणि बांधकामाला बंद. पोरीचं लग्न निघालं की त्यानं काय करायचं? एक माणूस आला आणि म्हणाला, गुंठ्यावर देऊन टाका, स्टँपवर करू. त्यानं दिलं.

*१९७६ : पाच रुपये चौरस मीटर*

आणीबाणीच्या काळात आलेला नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा. लोक त्याला यूएलसी म्हणतात. हेतू पुन्हा चांगला : शहरातली जमीन मूठभरांच्या हातात नको, जादा जमीन सरकारनं घ्यावी, गरिबांना घरं द्यावीत. मुंबईत एका कुटुंबाला ५०० चौरस मीटर, लहान शहरांत २००० चौरस मीटरपर्यंत मोकळी जमीन ठेवता येणार. महाराष्ट्रातल्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर कोल्हापूर, सोलापूर आणि आपली सांगलीसुद्धा होती.

आता आकडा बघा. २००० चौरस मीटर म्हणजे साधारण वीस गुंठे. त्यावरची जमीन सरकार घेणार, आणि मोबदला जास्तीत जास्त किती? मोठ्या शहरांत दहा रुपये चौरस मीटर, लहान शहरांत पाच रुपये. गुंठ्याला हिशोब केला तर जेमतेम पाचशे रुपये.

शहराच्या कडेला ज्याची दोन-चार एकर होती आणि आराखड्यात ती रहिवासी दाखवली होती, त्याच्यापुढं दोन वाटा उरल्या. सरकारच्या पाचशे रुपयांची वाट बघायची, किंवा गुंठा-गुंठा करून मिळेल त्या भावानं, मिळेल त्या कागदावर विकून मोकळं व्हायचं. त्यानं काय केलं ते सांगायला नको. जमीन एकत्र राहिली असती तर तिच्यातनं रस्ता निघाला असता, मैदान निघालं असतं. या कायद्यानं तिचे तुकडे होण्याची घाई लावली, आणि १९४७ चा कायदा त्याच तुकड्यांना बेकायदा म्हणत राहिला. एक कायदा ढकलतोय, दुसरा अडवतोय, मधे घर घेणारा माणूस.

केंद्रानं हा कायदा १९९९ ला मागं घेतला. आपल्या राज्यानं तो आणखी आठ वर्षं ठेवला, २००७ च्या नोव्हेंबरात रद्द केला.

*कागद कसे होते, हिशोब काय होता*

ज्यांनी कधी गुंठेवारीत जागा घेतली नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्टँपपेपरवर साठेखत किंवा नोटरी. वर कुलमुखत्यारपत्र. कधी 'अविभाज्य हिस्सा' म्हणून खरेदी, म्हणजे कागदावर वीस माणसं एका शेताची सामाईक मालक आणि जागेवर प्रत्येकाचं वेगळं कुंपण. सातबारा काढला तर नावांची रांग. त्यातलं एक नाव वारलं की वारसांची भर. बँक दारात उभी करत नाही, म्हणून पीएफ काढायचा, सोनं मोडायचं, सोसायटीचं कर्ज उचलायचं. आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार आणि त्याला सगळ्यात कच्चा कागद.

एजंटाचा हिशोब सोपा असतो. उदाहरणादाखल एक एकर धरा, ४० गुंठे. कायद्यानं लेआउट केला तर रस्त्यांना नऊ-दहा गुंठे जातात, खुल्या जागेला चार. विकायला उरले सव्वीस-सत्तावीस. तेच दहा-बारा फुटांचे बोळ सोडून पाडले तर चौतीस-पस्तीस गुंठे विकले जातात. मधले सात-आठ गुंठे कुणाचे होते? ते तुमच्या गल्लीतल्या गटाराचे होते, अ‍ॅम्ब्युलन्स वळायच्या जागेचे होते, पोरांच्या खेळायच्या जागेचे होते. ते एकदा विकले गेले की पुन्हा येत नाहीत.

आणि गिऱ्हाईक कोण? आपल्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडनं, जत-आटपाडी-कवठेमहांकाळच्या दुष्काळी पट्ट्यातनं आलेला माणूस. एमआयडीसीतला, मार्केट यार्डातला, कारखान्यातला. शहराला त्याचे हात पाहिजे होते, त्याची खोली कुणाच्या आराखड्यात नव्हती. पंचाहत्तर वर्षांचे आराखडे बघा, श्रीमंताच्या बंगल्याला जागा आहे, उद्योगाला आहे, स्मशानालाही आहे. महिन्याला तुटपुंजा पगार असणाऱ्याला परवडेल असा दोन गुंठ्यांचा कायदेशीर प्लॉट कुठं आहे, हे कुणी दाखवलं नाही.

*तारखांचा खेळ*

९ फेब्रुवारी १९९८ ला सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली. मधली रानं एका रात्रीत शहर झाली. तिथं घरं आधीच होती, आराखडा मागनं पळत होता.

राज्यभर हेच चित्र होतं. औरंगाबाद, नाशिक, पुणे, सांगली. मोर्चे निघाले, समित्या झाल्या, आणि २००१ साली महाराष्ट्र गुंठेवारी विकास कायदा आला. १ जानेवारी २००१ च्या आधीचे प्लॉट आणि घरं नियमित करायची, त्यासाठी प्रशमन शुल्क आणि विकास शुल्क भरायचं, आणि त्या वस्तीत सोयी करायच्या, अशी कल्पना. कायदा चांगला होता. हजारो घरांना पहिल्यांदा एक सरकारी कागद मिळाला. त्याचं मोल ज्यानं आयुष्यभर नोटरी उशाला ठेवली त्यालाच कळतं.

पण कायद्याच्या नावात 'नियमाधीन करणे, श्रेणीवाढ आणि नियंत्रण' असे तीन शब्द होते. पहिलं झालं, दुसरं थोडं झालं, तिसरं जवळजवळ झालंच नाही. २००१ नंतरही प्लॉट पडत राहिले. मग २०२१ साली दुरुस्ती झाली आणि तारीख पुढं गेली, ३१ डिसेंबर २०२०. मुंबईच्या झोपड्यांचं असंच, आधी १९९५, मग २०००, मग २०११. तारीख पुढं जाते हे एकदा बाजाराला कळलं की एजंट तेच सांगून प्लॉट विकतो, 'घ्या हो, चार वर्षांनी होतंय नियमित.'

तुकडेबंदीचंही बघा. नियम मोडून झालेले व्यवहार नियमित करायला बाजारमूल्याच्या २५ टक्के भरायचे, मग ते ५ टक्क्यांवर आणले. २०२१ च्या जुलैत नोंदणी विभागानं परिपत्रक काढून अशा तुकड्यांची दस्तनोंदणी थांबवली, २०२२ च्या मे महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ते परिपत्रक रद्द केलं. २०२५ मध्ये सरकारनं शहरी भागातले जुने तुकडे मोकळे करायचा निर्णय घेतला. मला या सवलती चुकीच्या वाटत नाहीत. जी घरं उभी आहेत ती पाडणार कोण, आणि का? त्यांना कागद मिळालाच पाहिजे. पण हे सगळं मागच्या घरांबद्दल आहे. पुढच्या घरांबद्दल यात एक ओळ नाही.

*कागद नियमित होतो, पाणी होत नाही*

नियमितीकरणाचा दाखला हातात आला म्हणजे बारा फुटांचा बोळ तीस फुटांचा होत नाही. तो रुंद करायचा तर दोन्हीकडची घरं कापायची, आणि ती घरं आता कायदेशीर असतात. गटार काढायचं तर उतार पाहिजे. कृष्णाकाठची काळी माती, पाणी धरून ठेवणारी. सखल रानातनं पूर्वी ओढे-नाले नदीकडं जायचे. प्लॉट पाडताना ते मुरुमानं बुजले, त्यावर घरं झाली. पावसाला कुणी दाखला दाखवलेला नाही, तो जुन्याच वाटेनं येतो.

आणि नदीचं तर वेगळंच. २००५, २०१९, २०२१. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाटबंधारे खात्याच्या दोन रेषा असतात : निळी, म्हणजे पंचवीस वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, म्हणजे शंभर वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा बांधकाम बंद, निळी ते लाल अटींवर. प्लॉट विकणारा नकाशा दाखवतो, त्यात मंदिर असतं, शाळा असते, 'बसस्टॉप दोन मिनिटांवर' असतं. या दोन रेषा मी अजून एकाही जाहिरातीत बघितल्या नाहीत.

वर घरपट्टी आहेच. अनधिकृत म्हणून तिच्यावर शास्ती, कायद्यात ती दुपटीपर्यंत सांगितलीय. म्हणजे कर कायदेशीर माणसापेक्षा जास्त आणि सोय कमी. 'फुकटे' म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा बघावा.

*मग करायचं काय?*

आज बायपासला, रिंग रोडच्या आखणीभोवती, शहराला खेटून असलेल्या गावांत जा. पाट्या लागल्यात. काही खरोखर मंजूर लेआउट आहेत. बाकीच्यांवर 'एनए होणार', 'गुंठेवारी', 'फार्म प्लॉट', 'बंगलो प्लॉट' असं काहीबाही. २०२० च्या डिसेंबरात राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली. तिच्यात चाळीस गुंठे आणि त्यावरच्या लेआउटला १० टक्के खुली जागा सोडायला सांगितलीय. नियम बरा आहे. पण शेत चाळीस गुंठ्यांच्या आत आणून विकलं की तोही लागू होत नाही, हे एजंटाला नगररचनाकाराच्या आधी कळतं.

माझं म्हणणं एवढंच, की शेजारच्या गावांवर घरं पडायच्या आधी टीपी स्कीम करा. हत्यार आपलंच आहे, १९१५ पासनं आहे.

सोपं आहे असं मी म्हणत नाही. आपल्याकडं स्कीमा वर्षानुवर्षं रखडल्या, म्हणून अधिकारीही त्यांच्या वाटेला जात नाहीत. शेतकऱ्याचा विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. नवी मुंबईजवळ 'नैना' भागात सिडकोनं टीपी स्कीम आणली, मालकाला परत मिळतात ४० टक्के. साठ टक्के द्यायचे म्हटल्यावर तिथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तो समजण्यासारखा आहे. गुजरातेत मालकाकडं साधारण निम्म्याहून जास्त जमीन राहते, म्हणून तिथं गाडी पुढं जाते. तेव्हा किती घ्यायचं, याची घासाघीस उघड्यावर, ग्रामसभेत व्हायला पाहिजे. आणि त्या स्कीममध्ये दोन-दोन गुंठ्यांचे कायदेशीर प्लॉट कामगारासाठी राखले पाहिजेत. नाहीतर पुन्हा स्टँपपेपर आहेच.

जे आत्ता प्लॉट घ्यायच्या बेतात आहेत त्यांच्यासाठी, इसार द्यायच्या आधी एवढं मागा :

१. अलीकडचा सातबारा आणि सगळे फेरफार. 'इतर हक्क' रकाना शब्दन् शब्द वाचा.
२. मंजूर लेआउटचा नकाशा, मंजुरीचा क्रमांक आणि तारीख. एजंटाच्या मोबाईलवरचा नव्हे, नगररचना कार्यालयात जाऊन बघितलेला.
३. झोन दाखला आणि आरक्षणाचा शेरा.
४. निळी आणि लाल पूररेषा कुठनं जाते ते.
५. रस्ता कागदावर किती मीटरचा आणि जागेवर किती. टेप घेऊन जा, लाजू नका.
६. 'पुढं नियमित होतंय' असं कुणी म्हणालं तर ते त्याच्याकडनं लिहून मागा. देत नाही, बघा.

आणि निवडणुकीत दारात येणाऱ्याला एकच विचारा : 'आमची गुंठेवारी नियमित करणार, हे तुम्ही सांगितलंत. शेजारच्या रानात पुढची गुंठेवारी पडतेय, तिथं रस्ता कधी आखणार?'

तुमच्या भागातला अनुभव खाली लिहा. कुणाचं नाव, गट नंबर टाकू नका, फक्त गाव आणि साल टाका. कोणत्या साली कुठं प्लॉट पडले याची एक यादी करायचा विचार आहे. महापालिकेकडं ती असायला पाहिजे होती, पण आपल्या आठवणीत ती नक्की आहे.

पोस्ट पटली तर पुढं पाठवा, नावासकट किंवा नावाशिवाय, कशीही.